झाकणाची परीक्षा

मानवजातीच्या वाटचालीत असा एखादाच क्षण येतो, की ज्यानंतर माघार नसते. अग्नी सापडला तेव्हा तो आला होता. चाक गरगरलं तेव्हा आला होता. आणि मागच्या नोव्हेंबरात, एका रविवारी सकाळी, तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, दुसऱ्या कॉफीच्या वेळी तो पुन्हा आला. घरासाठी नवा लॅपटॉप घ्यायचा, असं आम्ही एकमतानं ठरवलं. कुठला, ते पुढच्या रविवारी ठरवायचं ठरलं.

पुढच्या रविवारी, ते त्याच्या पुढच्या रविवारी ठरवायचं ठरलं.

आम्ही म्हणजे समिती. अध्यक्ष मी, भीमसेन राव, वय एकाहत्तर. सदस्य माझे मेहुणे राममूर्ती, ज्यांनी आयुष्यात तीन दुकानांत भाव काढल्याशिवाय काडेपेटीसुद्धा घेतलेली नाही. आणि फोनवरून आमचा मुलगा तरुण. तो शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत आहे. तिथे तो काय करतो ते त्यानं मला तीनदा समजावून सांगितलंय आणि तिन्ही वेळा मी मान डोलावलीय. सभा मराठीत चालते. आमची मराठी तंजावरची, तीनशे वर्षं दक्षिणेत मुरलेली. पुण्याचे पाहुणे आले की पहिले दोन दिवस त्यांना वाटतं, आम्ही भांडतोय. तिसऱ्या दिवशी त्यांची खात्री पटते.

माझी बायको भवानी समितीत नव्हती. ती कॉफी करत होती.

आता जुन्या लॅपटॉपविषयी. तो तरुणचा. त्याला नकोशा झालेल्या वस्तू आमच्याकडे राहायला येतात. आधी मिक्सर आला, मग व्यायामाची सायकल आली (तिच्यावर टॉवेल छान वाळतात), मग हा लॅपटॉप. त्याचं बिजागर पहिल्याच वर्षी गेलं. पडदा मागे कलंडायचा, म्हणून भवानीनं त्याच्या पाठीशी तांदळाचा डबा उभा केला. डबा भरलेला असेतो ठीक. महिनाअखेर आली की डबा हलका व्हायचा, पडदा डब्याला घेऊन मागे जायचा, आणि एन्नोरच्या मुलींना गणिताऐवजी आमचा पंखा दिसायचा.

या मुली भवानीच्या. एन्नोरला, बंदराच्या बाजूच्या शाळेत, तिनं अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं. बस, मग लोकल, मग पुन्हा बस, आणि घरी येताना पदरावर औष्णिक केंद्राची राख. निवृत्त झाली तेव्हा मला वाटलं, आता ही आराम करील. तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर फळा ठोकून घेतला. तेव्हापासून सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी पाच वाजता, कोळ्यांच्या वस्तीतल्या वाचनालयात दहावीच्या सात मुली एका पडद्यासमोर बसतात आणि इकडे भवानी फळ्यासमोर उभी राहते. मुली वही कॅमेऱ्याला दाखवतात, आणि त्यांची पेन्सिल कुठे अडखळली ते ती बघते. फोनवर घे की, असं मी सुचवलं होतं. फोनवर वह्या मोहरीएवढ्या दिसतात, आणि वही दिसली नाही तर ते शिकवणं नसतं, भाषण असतं, असं ती म्हणाली. भाषण म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं असावं. मी पेपर वाचत होतो.

तर नोव्हेंबरातल्या एका सोमवारी, समीकरणाच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या मधोमध, जुना लॅपटॉप काळा पडला तो कायमचा. वर्ग बंद झाला.

त्या सातांत एक चंद्रिका आहे. तिमाहीत तिला गणितात एकोणतीस मिळाले, पास व्हायला पस्तीस लागतात. सहामाहीतही नापास झालीस तर पोंगलनंतर आत्याच्या शिलाईच्या दुकानात बसायचं, दहावीचं मग बघू, असं तिच्या बापानं सांगून टाकलं होतं. आमच्या लोकांत आणि त्यांच्या लोकांत एक गोष्ट सारखी आहे. "मग बघू" म्हटलेलं कोणी कधी बघत नाही. सहामाहीचा गणिताचा पेपर सतरा डिसेंबरला होता.

हे सगळं मला माहीत होतं. राममूर्तींनाही माहीत होतं. म्हणूनच तर समिती इतकी कसून काम करत होती.

मी एक वही घातली. तिच्यात रकाने आखले. तिसऱ्या रविवारपर्यंत त्रेसष्ट पानं भरली. तरुणचं म्हणणं असं की यंत्र दमदार घ्या, सोळा जीबी मेमरी हवीच, जमलं तर बत्तीस, आणि ग्राफिक्सचं वेगळं कार्ड. "भविष्याचा विचार करून घ्या अप्पा," असं तो दर फोनला सांगे. माझं आणि भवानीचं वय मिळून एकशे अडतीस. एवढं भविष्य कुठे ठेवायचं, असा मला प्रश्न पडला, पण मी तो रकान्यात लिहिला नाही. राममूर्तींना सीडीची खाच हवी होती. त्यांच्याकडे कचेऱ्यांच्या, म्हणजे कर्नाटकी गाण्याच्या मैफलींच्या, बेचाळीस सीडी आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या घरी त्यांची बायको त्या लावू देत नाही. मला हवा होता खटखट वाजणारा कीबोर्ड. लिहिताना घरातल्यांना कळायला हवं की लेखन चाललंय. नुसत्या टकटकीवर कोण विश्वास ठेवणार.

तिसऱ्या रविवारी कॉफीचे टंबलर ठेवता ठेवता भवानी म्हणाली, "सतरा दिवस राहिले."

आम्हाला वाटलं, कॉफीची पूड संपायला. राममूर्ती म्हणाले, येताना मी आणतो.

शनिवारी सकाळी ती बाहेर जायच्या साडीत समोर उभी राहिली. "मी रिची स्ट्रीटला चालले," ती म्हणाली. "यायचं तर या वो. वही आणा. उन्हात डोक्यावर धरायला होईल."

रिची स्ट्रीट म्हणजे माउंट रोडमागची विजेच्या वस्तूंची गल्ली. एका गल्लीत अख्खं विज्ञान कोंबून बसवलंय आणि वर वायरींचं छत आहे. आम्ही पोचलो तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. दुकान उघडं होतं. पण शनिवारचा राहुकाळ साडेदहापर्यंत असतो, म्हणून आम्ही फुटपाथवर थांबलो. आम्हीच नव्हे, आणखी चार कुटुंबं थांबली होती, शिवाय टाय लावलेला एक माणूस, जो सतत घड्याळ बघत होता आणि आपण राहुकाळासाठी थांबलेलो नाही असं दाखवत होता. साडेदहाला सगळे एकदम आत शिरलो.

काउंटरवर सहाना नावाची मुलगी होती. तिनं हसून विचारलं, काय हवं. मी वही उघडली. पहिल्या पानावर प्रस्तावना होती, ती वाचायला लागलो. दुसऱ्या परिच्छेदाला तिनं अगदी नम्रपणे मला थांबवलं आणि तमिळमध्ये विचारलं, "सर, वापरणार कोण?"

मी राममूर्तींकडे पाहिलं. राममूर्तींनी माझ्याकडे पाहिलं. फोनवर तरुण होता, त्याला अचानक ऐकू येईनासं झालं. त्रेसष्ट पानांत सगळे रकाने होते. हा नव्हता.

"मी," भवानी म्हणाली.

मग तिनं पर्स माझ्या हातात दिली आणि पुढे झाली. टेबलावर ओळीनं अकरा लॅपटॉप मांडले होते. तिनं पहिल्याचं झाकण मिटलं. मग एका बोटानं उघडलं. खालचा भाग झाकणाबरोबर वर उचलला गेला. ती पुढच्याकडे गेली. दुसऱ्याचं झाकण अर्ध्यावर नेऊन सोडलं, ते हळूच खाली आलं, म्हाताऱ्याची पापणी यावी तसं. तिसऱ्याचं मागे कलंडलं. चौथ्याच्या पाठीवर तिनं बोटाच्या पेरानं टकटक केली, डोकं तिरकं करून ऐकलं, आणि तोंड वाकडं केलं. डबा घेताना ती नेमकं हेच करते. पन्नास वर्षं मी बघतोय. तिनं पारखून आणलेल्या डब्यात आमच्याकडे आजवर मुंगी शिरलेली नाही.

पाचव्यापासून सहाना भवानीच्या पुढे पुढे जाऊन झाकणं मिटवून ठेवायला लागली. आमच्याबरोबर आत आलेली माणसं आपापली खरेदी सोडून गोळा झाली. टायवाल्यानं स्वतः पसंत केलेल्याचं झाकण गुपचूप अर्ध्यावर सोडून पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला.

आठव्याचं झाकण एका बोटानं उघडलं. खालचा भाग जागचा हलला नाही. तिनं ते पाव उघडून सोडलं, थांबलं. अर्धं उघडून सोडलं, थांबलं. पार मागे नेलं, तिथेही थांबलं. मग तिनं टेबलाला गुडघ्यानं जरा धक्का दिला. झाकण जागच्या जागी.

"हा," ती म्हणाली.

मी सहानाला त्याचे आकडे विचारले. ते ना दमदार होते ना रडके, घरच्या कामाला पुरे, आणि आमच्या समितीच्या अंदाजाच्या निम्म्यात. सीडीची खाच नव्हती. कीबोर्ड मुका होता. तरुणनं फोनवरून विचारलं, कुठल्या निकषावर निवडला. मी म्हणालो, झाकण. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "सरी अप्पा." सरी म्हणजे बरं. पण तो ज्या सुरात म्हणाला त्याचं भाषांतर होत नाही.

इथपर्यंत सगळं चांगलं झालं होतं. भवानी भाजी घ्यायला थांबली आणि यंत्र घेऊन मी एकटा पुढे निघालो. तिथे घोळ झाला.

त्याचं असं. आमच्याकडे नवं भांडं घरात येतं ते नाव घालूनच. डब्यातून सार शेजारी गेलं तर डबा परत यायला हवा. आमच्या घरातल्या प्रत्येक पातेल्यावर, तांब्यावर, चमच्यावर तमिळ अक्षरांत "रा. भी." आहे. रा म्हणजे माझे वडील, भी म्हणजे मी. भवानीनं पहिल्या पगारातून घेतलेला, अठ्ठावीस वर्षं एन्नोरला नेलेला जेवणाचा डबा आहे, त्याच्यावरसुद्धा रा. भी. हे मला त्या दिवशी पहिल्यांदाच खटकलं. तीन रविवार मी काय केलं ते अजून ताजं होतं, आणि मनात आलं की या एका वस्तूवर तरी तिचं नाव घालू. आमचा भांडीवाला नारायणस्वामी वाटेवरच बसतो. गेलो.

लॅपटॉप पाहून तो जरासुद्धा चकित झाला नाही. उचलून वजन पाहिलं, पत्रा हलका आहे म्हणाला, आणि विजेची लेखणी सुरू केली. मी घसा साफ केला. नाव का बदलायचं, त्यामागची भूमिका दोन शब्दांत मांडावी म्हणून सुरुवात केली. मला दोन शब्दांत मांडायला जरा वेळ लागतो. नारायणस्वामी चाळीस वर्षं आमची भांडी करतोय, त्याचा हात आमचं घर ओळखतो. माझी भूमिका संपली तेव्हा झाकणाच्या मधोमध, मोत्यासारख्या अक्षरांत, "रा. भी." झालं होतं, आणि खाली तारीख.

घरी आल्यावर मी झाकण भिंतीकडे करून लॅपटॉप ठेवला. भवानी आली आणि तिनं तो फिरवला. कोणी नवं भांडं ठेवलं की ती फिरवून बघतेच. थोडा वेळ अक्षरं वाचली. मी तिला खरं काय करायला गेलो होतो ते सांगितलं.

"असू दे," ती म्हणाली. "हरवला तर तुम्हाला आणून देतील. तुम्ही घरीच असता."

हे इथे मिटलं असतं. पण रविवारी दुपारी, भवानी पार्थसारथीच्या देवळात गेली असताना, आपण सगळं जुळवून ठेवू आणि तिला चकित करू, असं माझ्या मनात आलं. मी यंत्र चालू केलं. पडदा उजळला, आवाज आला, इंटरनेट लागलं. कॅमेरा उघडला. काळं. बंद करून पुन्हा उघडला. काळं.

तरुणला फोन लावला. त्यानं मला दोन तास यंत्राच्या पोटात फिरवलं. हे बंद करा, ते काढा, आता पुन्हा घाला. शेवटी तो म्हणाला, कॅमेरा मेलेलाच आलाय, सात दिवसांत दुकान बदलून देतं, घेऊन जा. मी दुकानात फोन केला, सहानानंच उचलला. ती म्हणाली, नक्की बदलून देऊ, फक्त वर काही खूण, ओरखडा नको. मी म्हणालो, छोटीशी खूण आहे. किती छोटी, तिनं विचारलं. मी म्हणालो, नाव आणि तारीख.

फोनवर एवढी शांतता मी पूर्वी फक्त तरुणकडून ऐकली होती. मग ती खरोखर वाईट वाटल्यासारखं म्हणाली, बदलून आता मिळणार नाही. कंपनीचा माणूस घरी येऊन दुरुस्त करील. कामाचे दहा दिवस.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहिलो. कामाचे दहा दिवस मोजले. पेपर मधे येत होता. पुन्हा मोजले. कॅलेंडरवर त्या महिन्याच्या लक्ष्मीच्या हातातून नाणी पडत होती, ती माझ्याकडे बघत नव्हती. आयुष्यभर मी लोकांच्या मूर्खपणावर लिहून पोट भरलं. लिहिताना एक सोय असते, की मूर्ख दुसरा असतो.

भवानी देवळातून आली. मी सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. ती खुर्चीत बसली. प्रसादाचा द्रोण हातातच होता. मग ती बोलली, पण माझ्याशी नव्हे, द्रोणाशी बोलावं तशी.

"चंद्रिकेला उद्या पाच वाजता म्हणून सांगितलंय मी. तिनं बापाला सांगितलंय."

मी म्हणालो की मी स्वतः एन्नोरला जातो, बापाशी बोलतो. ती म्हणाली, तुम्ही त्याला भूमिका मांडाल, त्यापेक्षा शिलाईचं दुकान बरं. हे ऐकून मला थोडं बरं वाटलं. ती टोमणा मारते तेव्हा अजून सगळं संपलेलं नसतं.

मग तिनं द्रोण ठेवला, हात धुतले, पुसले, आणि लॅपटॉप खिडकीपाशी उजेडात नेला. चष्मा कपाळावर सरकवला. पडद्याची वरची कड डोळ्यांजवळ धरली. लोणच्याच्या नव्या बरणीचं तोंड ती जशी बघते तशी ती कड या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेली. मधोमध थांबली. तिथे नख लावलं, तीळभर डावीकडे सरकवलं.

"झाकण लावलेलं होतं," ती म्हणाली.

पडद्यावर खिडकी दिसली, समोरच्या घराची वाळत घातलेली वेष्टी दिसली, आणि मागे तोंड उघडं ठेवून उभा असलेला मी. कॅमेऱ्यावर सरकतं एवढंसं झाकण असतं, कोणी डोकावू नये म्हणून. दुकानातून ते बंदच आलं होतं. मी तरुणला कळवलं. तो म्हणाला, असं असू शकतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मी म्हणालो, तुझ्याकडे सोळा कमी पडत असतील, बत्तीस घे.

सोमवारी पावणेपाचला राममूर्ती मुहूर्ताला आले, कॉफीची पूड घेऊन. भवानीनं कोनाड्यातलं कुंकू यंत्राला लावलं. मग वर्गाच्या वेळापत्रकाचा कागद घेतला, मागे डिंक लावला, आणि झाकणावर बरोबर मधोमध चिकटवला. खाली माझं नाव आहे. वर सोमवार ते शुक्रवार, पाच.

पाच वाजता पडद्यावर वाचनालय उजळलं. सात वेण्या, सात वह्या. मागे दारात एक माणूस उभा होता, खांद्यावर टॉवेल, आत यावं की नाही या विचारात. चंद्रिकेचा बाप असावा. भवानीनं त्याला वणक्कम केला, त्यानं घाईनं टॉवेल काढून काखेत धरला. मग ती फळ्याकडे वळली आणि महिन्यापूर्वी जिथे अंधार झाला होता तेच समीकरण पुन्हा लिहिलं.

पडदा तिनं ठेवला तिथेच उभा होता. तांदळाचा डबा फळीवर, आपल्या जागी. मी भवानीच्या बाजूला उभा होतो आणि मला भरून आलं. मनात एक मोठं वाक्य जुळायला लागलं. त्यात एन्नोरचा समुद्र होता, तंजावर होतं, तीनशे वर्षं होती, एका बोटानं उघडणारी दारं होती. वाक्य लांब होतं, मुलींकडे नीट बघता यावं म्हणून मी दोन पावलं पुढे सरकलो. पडद्यावर चंद्रिका वहीवरून मान वर करून माझ्याकडेच एकटक बघत होती. पेन्सिल तिच्या हातात थांबली होती. तिला काहीतरी म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते. मी प्रोत्साहन म्हणून मान हलवली.

मग तिनं हात वर केला.

"टीचर," ती म्हणाली, "सरांना थोडं बाजूला व्हायला सांगता का? एक्स दिसत नाही."